आलापाची मंजूर प्रत

साहेब, माझ्या आत्याच्या आलापाची चार पानं तुम्ही दाबून ठेवली आहेत. पान चौदा ते पान सतरा, तिन्ही प्रतींतली. नाही म्हणू नका. तुमच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात पितळी वजनाखाली जो गठ्ठा आहे, त्यात ती सगळ्यांत वर आहेत. मी तुमच्या दाराच्या फटीतून पाहिली आहेत. फटीतून बघणं वाईट, हे मला कळतं. पण इतक्या दिवसांत तुम्ही एकदा दार उघडलं असतंत, तर मला फटीला डोळा लावायची पाळी आली नसती.

तुमच्या कार्यक्रम-परवानगी कार्यालयाची नोटीस मिळाली. सात दिवसांत लेखी खुलासा द्या, म्हणता. हा तो खुलासा. तो थोडक्यात असावा असं नोटिशीच्या तळाशी छापलंय. थोडक्यात सांगायचं तर चूक तुमची आहे. सविस्तर पुढे देतो.

मी पंपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. शिक्षण आठवी. पुढचं सगळं रद्दीच्या दुकानात उभ्यानं वाचून झालं. हे सांगायचं कारण, तुमच्या कारकुनानं माझ्या अर्जाच्या समासात पेन्सिलीनं 'भाषा उद्धट' असं लिहिलंय. आहेच. मी ती कुणाकडून शिकलो नाही, त्यामुळे तिला नमस्कार करायला शिकवायलाही कुणी नव्हतं. पेन्सिलीनं का लिहिलं, हा माझा आक्षेप आहे. लिहायचं तर शाईनं लिहावं.

आमच्या इमारतीत श्रोता मंडळ आहे. सभासद एकतीस, त्यातले कानानं धड अठरा. वर्षातून एकदा आम्ही शास्त्रीय संगीताचा महोत्सव करतो. एका संध्याकाळच्या एका गाण्याला महोत्सव म्हणावं का, असं माझी बायको दरवर्षी विचारते आणि मी दरवर्षी जाहिरातीचा मजकूर तिला दाखवत नाही.

यंदा आत्या गाणार होती. वडिलांची धाकटी बहीण, वय एकाहत्तर. चाळीस वर्षं तिनं आपल्या पुढच्या खोलीत लोकांच्या पोरांना गाणं शिकवलं. तिच्याकडे शिकून गेलेले व्यासपीठावर गेले, ती खोलीतच राहिली. कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मग यंदा तिच्या घशात एक गाठ निघाली. घशाच्या डॉक्टरांनी आत आरसा घालून पाहिलं आणि म्हणाले, गाठ साधी आहे, पण काढावी लागेल, पंधरवडा सोडून पुढचा मंगळवार धरा.

"आवाज राहील?" मी विचारलं.

"बोलण्यापुरता नक्की राहील."

"बोलायचंय कुणाला," आत्या म्हणाली.

घर आल्यावर रिक्षातून उतरता उतरता म्हणाली, "मंगळवारच्या आधी रविवार असतो ना रे?" महोत्सव ठरला तो इथे. म्हणून तो पुढे ढकलता येत नव्हता. हे तुमच्या कारकुनाला मी सहा वेळा सांगितलं, आणि सहाही वेळा तो म्हणाला, अर्जात तसा रकाना नाही.

सभागृह वाचनालयाचं. तिथल्या व्यवस्थापकाचं म्हणणं असं की नुसतं गाणं ही करमणूक, आणि करमणुकीला सभागृह सातला बंद. जोडीला व्याख्यान असेल तर ते प्रबोधन, मग नऊपर्यंत चालवा. मी तिथेच उभ्या उभ्या व्याख्यान जोडलं. विषयही मीच दिला: कलावंताचं स्वातंत्र्य. वाटलं, बिनधोक विषय आहे, याला कोण कशाला हरकत घेईल. आणि ते अगदी खरं निघालं. व्याख्यानाला कुणीच हरकत घेतली नाही. त्या दुःखाची गोष्ट पुढे येते.

आता माझी चूक. एक आहे, आणि ती मी लपवणार नाही. तुमच्याकडे परवानगीचा अर्ज एकच, नाटकांसाठी छापलेला. त्यात सहावा रकाना: 'संहिता जोडली आहे काय?' शहाणा माणूस तिथे आडवी रेघ मारतो. पण मी अकरा वर्षं स्टोअर सांभाळतोय. वायसरची नोंद असो की बोल्टची, मी एकही रकाना मोकळा सोडलेला नाही. आडवी रेघ बघितली की मला माल चोरीला गेल्यासारखं वाटतं. मी लिहिलं: 'होय. तीन प्रतींत.'

तुमचा कारकून तुम्हाला ठाऊकच आहे. कागद जोडताना हाताशी असाव्यात म्हणून तो चार-पाच टाचण्या ओठांत धरून बसतो आणि त्या तशाच ठेवून बोलतो. आमच्या इमारतीत त्याचं नाव टाचणीसाहेब पडलं आहे. मी पाडलं.

"संहिता कुठाय?" टाचणीसाहेब म्हणाला.

"गाण्याची संहिता नसते."

"इथं होय लिहिलंय. अक्षर तुमचं?"

"माझंच."

"मग असते."

"खोडतो मग."

"खोडलेला अर्ज बाद. नवीन अर्जाला एकवीस दिवस."

रविवार बारा दिवसांवर होता. मी बंदिशीच्या दोन ओळी कागदावर लिहून त्याच्यापुढे सरकवल्या. त्यानं वाचल्या, कागद उलटा करून मागची बाजू पाहिली.

"कार्यक्रम किती वेळ?"

"पाऊण तास."

"आणि ओळी दोन. बाकीचा वेळ बाई काय करणार?"

"आलाप."

"म्हणजे काय म्हणणार?"

"आ."

"आणि?"

"आणि काही नाही. आ."

"चाळीस मिनिटं?"

मी होय म्हणून मान हलवली. त्यानं ओठांतून एक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. हा त्याचा गांभीर्याचा सर्वोच्च प्रकार आहे, हे मला नंतर कळलं. "मग ते लिहून आणा. बाईंच्या तोंडातून जे निघणार, ते कागदावर पाहिजे. साहेब वाचल्याशिवाय सही करत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मी आत्याकडून स्वरलिपी लिहून नेली. सा, रे, ग, खाली टिंब, वर टिंब. त्यानं ती हातभर लांब धरली. "हे सांकेतिक आहे. सांकेतिक चालत नाही. त्यात काय दडलंय ते आम्हाला कसं कळणार?" बायकोनं सुचवलं होतं म्हणून मी ध्वनिमुद्रणाचं विचारलं. "आवाज फाइलला कसा लावू?" तो म्हणाला. "त्याला टाचणी बसत नाही."

तर साहेब, असा मी आलाप लिहायला बसलो.

ही बातमी इमारतीत पसरायला जिना एकदा चढून उतरायचा वेळ लागला. पहिले आले खालचे स्टेनोकाका. चाळीस वर्षं लघुलेखक होते, मिनिटाला एकशेवीस शब्द. म्हणाले, तू हो बाजूला, हे माझं काम. वही मांडली, पेन्सिलीला टोक काढलं, आत्यानं सूर लावला. दोन मिनिटांनी पाहतो तर वही कोरी.

"काका, लिहा की."

"याला आमच्याकडे खूण नाही रे," ते ओशाळून म्हणाले. "साहेब लोक मजकूर सांगताना अं आणि आ फार करायचे. ते गाळायचे, हीच तर नोकरी होती."

मग त्यांना स्टॉपवॉच दिलं. समोरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, त्यात काय एवढं, कापडासारखं मापं घ्या, आखूड आ, लांब आ, तिरका आ. हसू नका, शेवटी तीच पद्धत ठरली. आखूड तो नुसता आ. लांब असेल तर त्यापुढे अवग्रहाच्या नागमोडी खुणा, जेवढा लांब तेवढ्या खुणा. वर गेला तर ओळीच्या वर लिहायचा, खाली आला तर ओळीखाली. स्टोअरच्या लांब खतावणी कागदांवर, खाली दोन कार्बन, एका दमात तीन प्रती. कार्बनवर मी असा काही जोर देत होतो की दोन दिवसांत उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं, आणि बायको कणीक मळताना विचारू लागली, आज किती आ झाले?

खरी अडचण वेगळीच होती. पहिल्या संध्याकाळी सहा पानं झाली. दुसऱ्या दिवशी ती तपासायला बसलो, तर आत्या भलतंच गाऊ लागली.

"आत्या, कालचाच म्हण ना."

"कालचा काल संपला."

"अगं, तपासायचंय. पान तीन, ओळ चार, इथे तू वर गेली होतीस."

"गेले असेन. काल तिकडे काम असेल माझं. आज नाही."

"मग मी साहेबांना काय देऊ?"

"गाढवा, तू त्यांना शंभर पानं आ लिहून दे. कोण मोजतंय?"

तिला तुमची माहिती नव्हती. आणि मला खोटी नोंद करता येत नाही. माल आला तेवढाच लिहायचा, हे माझ्या हाडात मुरलेलं आहे. मी म्हणालो, एक संध्याकाळ तू बस, मनासारखं गा, मी लिहितो. मोबाइल समोर ठेवू का, विचारलं. ती म्हणाली, समोर डबी ठेवली की मला घसा खाकरावासा वाटतो.

ती गुरुवारची संध्याकाळ. एका बाजूला बायको तंबोरा घेऊन बसली. लग्नानंतर ती आत्याकडे तेवढंच शिकली, आणि तेवढं चोख शिकली. स्टेनोकाकांच्या हातात घड्याळ. शिंपीणबाई दारात, हातात कुणाचं तरी अर्धवट झालेलं पोलकं. आत्यानं डोळे मिटले. सव्वीस पानं झाली त्या दिवशी. तेराव्या पानापर्यंत मी शुद्धीवर होतो. वर, खाली, आखूड, लांब, सगळं नीट मांडत होतो. त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. हात चालत होता, पण मी कागदाकडे बघत नव्हतो. शिंपीणबाईंनी पोलक्याची सुई स्वतःच्या पदरालाच टाचून घेतली. अठराव्या पानावर भानावर आलो आणि काकांना वेळ विचारली, तर काका म्हणाले, घड्याळ दाबायचं राहिलं रे. बाकी प्रत्येक पानाखाली वेळ आहे, दीड मिनिट, कुठे पाच-सात सेकंद इकडे तिकडे. चौदा ते सतरा पानांखाली वेळ नाही.

मी ती पानं वाचली नाहीत. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाण्याआधी तिन्ही प्रती तशाच तुमच्याकडे दिल्या. स्वतःकडे एकही ठेवली नाही. स्टोअर सांभाळणाऱ्या माणसानं ही चूक करावी, याची लाज मला मरेपर्यंत पुरेल. नंतर कार्बन उजेडाला धरून पाहिले. प्रत्येकावर सव्वीसच्या सव्वीस पानांचे आ एकावर एक बसलेले, नुसतं काळं.

आता व्याख्यात्यांचं दुःख. हे निवृत्त प्राध्यापक. कलावंताच्या स्वातंत्र्यावर त्यांचं भाषण ठरलेलं आहे, अकरा वर्षं तेच देतात. तुम्ही ते एका दिवसात मंजूर केलंत. एक ओळ कापली नाही, एक शब्द अधोरेखित केला नाही. उलट समासात लिहिलंत: 'छान.' ते पाहून प्राध्यापकांचा चेहरा उतरला. ते माझ्याबरोबर तुमच्या कार्यालयात आले.

"यात पान पाचवर सत्तेवर कडक टीका आहे," ते टाचणीसाहेबाला म्हणाले.

"साहेबांनी वाचली. आवडली."

"पान आठवर तर मी नाव न घेता तुमच्याच कार्यालयाबद्दल बोललोय."

"त्याखाली साहेबांनी स्वतः रेघ मारून बरोबर अशी खूण केलीये. बघा."

"निदान एखादा परिच्छेद," प्राध्यापक आवाज खाली आणून म्हणाले, "वगळता येतो का बघा ना. लोक विचारतात हो."

"तसं कारण लागतं," टाचणीसाहेब म्हणाला, आणि त्याच वेळी आत्याच्या फाइलला त्यानं लाल फीत बांधली. प्राध्यापक त्या फितीकडे ज्या नजरेनं पाहत होते, तशी नजर मी फक्त कारखान्यात बढतीची यादी लागते तेव्हा पाहिली आहे. परत येताना ते एवढंच बोलले, "तुमच्या आत्याबाई पहिल्यांदाच गातायत ना? नशीब असतं एकेकाचं."

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना, मंजूर प्रत हातात आली. प्रत्येक पानावर गोल शिक्का. तेराव्या पानाखाली 'पुढील चार पाने वगळावीत', आणि मग एकदम पान अठरा. कारण दिलेलं नाही. अट क्रमांक नऊ: मंजूर संहितेबाहेर काहीही म्हटले गेल्यास कार्यक्रम त्याच क्षणी थांबवण्यात येईल. देखरेखीसाठी कार्यालयाचा प्रतिनिधी हजर राहील.

आत्यानं पानं चाळली. तेरा बघितलं, अठरा बघितलं.

"बाकीची बावीस नेली असती तरी चाललं असतं," ती म्हणाली. आणि आत जाऊन गरम पाण्याच्या गुळण्या करू लागली.

शनिवारी मी तुमच्याकडे आलो. टाचणीसाहेब म्हणाला, साहेब बैठकीत आहेत. मी बाकावर बसलो. दीड तासात बैठकीला कुणी आत गेलं नाही की बाहेर आलं नाही. तो पाणी प्यायला उठला, तेव्हा मी फटीला डोळा लावला. तुम्ही एकटे होतात, साहेब. तुमच्या हातात खतावणीचे लांब कागद होते. आणखी एक गोष्ट मी पाहिली. ती शेवटी लिहितो, कारण माझा सगळा खुलासा तिच्यावरच उभा आहे.

रविवार. सभागृहात एकसष्ट माणसं. एवढी आमच्याकडे कधीच आलेली नव्हती. अर्धे आत्याचे जुने विद्यार्थी, उरलेले लिहिलेला आलाप कसा असतो ते बघायला आलेले. प्राध्यापक पन्नास मिनिटं बोलले. चांगलं बोलले, पण दर चार वाक्यांनंतर पहिल्या रांगेत बसलेल्या टाचणीसाहेबाकडे बघत होते. तो त्यांच्याकडे बघतही नव्हता. त्यांची मंजूर प्रत त्यानं मांडीखाली घेतली होती, खुर्चीचा वेत टोचत होता म्हणून.

मग आत्या बसली. मागे बायको तंबोरा घेऊन. टाचणीसाहेबानं मांडीवर प्रत उघडली, पेन्सिल कानावरून काढली. टाचण्या ओठांत होत्याच, रविवारीही. आत्यानं आ लावला आणि त्यानं पहिल्या ओळीवर पेन्सिल टेकवली.

तीन मिनिटांत तो हरवला. पान उलटलं, परत मागे आला, पुढचं पाहिलं. मान वर, मान खाली. शेवटी उभा राहिला. "थांबा. हे कुठल्या पानावर आहे?"

आत्या थांबली. आणि प्राध्यापक ताडकन उठले. अकरा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली, तो आला होता. "मी याचा जाहीर निषेध करतो," ते म्हणाले.

"तुम्ही करा," टाचणीसाहेब म्हणाला. "तुम्हाला नऊपर्यंत मंजुरी आहे."

प्राध्यापकांनी खिशातले कागद चाचपले. भाषण तर संपलेलं होतं. ते खाली बसले.

"पान सापडत नाही म्हणता?" आत्यानं विचारलं. "लांबून सापडणारच नाही. इकडे या. चपला तिथे काढा."

हा आवाज मला ओळखीचा आहे. पुढच्या खोलीत पोरगं चुकलं की ती याच आवाजात जवळ बोलवायची, आणि आजवर न गेलेलं पोर मी पाहिलेलं नाही. टाचणीसाहेब चपला काढून व्यासपीठावर गेला आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसला.

"बोट ठेवा पहिल्या ओळीवर. पेन्सिल नको, बोट. हं. आता मी जाईन तसं चालवा. घाई करू नका, पळत नाहीये मी."

तिनं पुन्हा सुरुवात केली. त्याचं बोट निघालं. ती लांबवी तेव्हा बोट नागमोडी खुणांवर रेंगाळे, ती वर जाई तेव्हा तो ओळीच्या वर शोधे, आणि साहेब, शपथेवर सांगतो, त्याला ते तिथे सापडत होतं. ती कागदावरचं गात नव्हती, हे मला माहीत होतं; लिहिलं होतं मीच. तरी त्याचं बोट कुठे अडलं नाही. पान चारपर्यंत बोट तिच्या मागे होतं. पान नऊनंतर कोण कुणाच्या मागे आहे ते मला सांगता आलं नसतं. अशी तेरा पानं झाली. त्यानं पान उलटलं. अठरा.

बोट थांबलं. आत्याही थांबली.

"इथं चार पानं नाहीत," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"मग अठरावर या."

"मधली गेल्याशिवाय अठरावर कशी येऊ? मी चालत येते. उड्या मारायचं वय नाही माझं." ती मांडी सावरून बसली. "त्या चार पानांना जेवढा वेळ लागतो, तेवढी थांबते. थांबायला बंदी आहे का तुमच्या कागदात?"

त्यानं अटी वाचल्या. एक ते चौदा. नव्हती.

"किती वेळ थांबणार?"

आत्यानं स्टेनोकाकांकडे पाहिलं. काका चौथ्या रांगेतून उभे राहिले. "त्या पानांची वेळ माझ्याकडे नाही," ते म्हणाले, आणि चाळीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच चूक कबूल करावी तसे खाली बसले.

मग सगळे थांबले. नुसता तंबोरा चालू. मी मंडळाचा चिटणीस, मला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून मी एक खुर्ची सरळ केली. वाचनालयाचा पहारेकरी, सगळे गेले की काय म्हणून दिवे घालवायला आला, आणि एकसष्ट माणसं श्वास रोखून बसलेली पाहून टोपी काढून दाराशी उभा राहिला. आत्याचे डोळे मिटलेले. टाचणीसाहेब समोरच्या कागदाकडे बघत होता, म्हणजे जो कागद तिथे नव्हता त्याच्याकडे. त्याचा कंठमणी वर गेला, खाली आला. पुन्हा वर गेला. सहा मिनिटं झाली असतील की वीस, देव जाणे. काकांनी घड्याळ याही वेळी दाबलं नव्हतं.

आणि तुमचा कारकून म्हणाला, "आ."

आधी टाचण्या पडल्या. पाच. व्यासपीठाच्या फळ्यांवर एकेक वाजली. मग तो आ. घोगरा, गंजलेल्या कडीसारखा, पण सुरात. आत्यानं एक डोळा उघडला. "बरा लागला," ती म्हणाली. "पोटातून काढा."

त्यानं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मग त्यानं जे केलं, त्याबद्दल मी त्याला मानतो आणि हे शाईनं लिहितो. त्यानं खिशातून अहवालाची वही काढली, घड्याळ पाहिलं, लिहिलं आणि उभा राहून वाचलं: "मंजूर संहितेबाहेरील एक आ म्हटला गेला. म्हणणारा: खाली सही करणार. अट नऊप्रमाणे कार्यक्रम थांबवण्यात येत आहे."

सभागृहात कुणी हाललं नाही. मी आत्याकडे पाहिलं. मंगळवार दोन दिवसांवर होता.

"थांबला?" आत्यानं विचारलं.

"थांबला."

"संपूर्ण?"

"संपूर्ण."

"मग आता तुमच्या कागदाचं काही काम नाही ना? मिटा तो. आणि त्या टाचण्या उचला, कुणाच्या तरी पायात जातील."

तो गुडघ्यांवर बसून टाचण्या शोधू लागला. आणि आत्या गायला लागली. ती काय गायली हे मी लिहिणार नाही. माझ्याकडे कार्बन नव्हता. टाचणीसाहेबाला पाचपैकी चार टाचण्या मिळाल्या. पाचवी त्यानं शेवटपर्यंत शोधली, गुडघ्यांवरच, जागचा न हलता.

तुमची नोटीस म्हणते: 'कार्यक्रम थांबवल्यानंतर अडतीस मिनिटे त्याच जागी, त्याच व्यक्तीने कार्यक्रमासदृश कृत्य केले. खुलासा करावा.' खुलासा असा की तो कार्यक्रम नव्हता. थांबवल्याची नोंद तुमच्याच वहीत, तुमच्याच माणसाच्या सहीनं आहे. एक म्हातारी बाई एका खोलीत गात होती आणि माणसं घरी जायचं विसरली होती. याला तुमच्याकडे रकाना असेल तर कळवा, मी भरून देतो.

मंगळवारी गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक, पण सहा आठवडे तोंडातून ब्र काढायचा नाही, मग बघू काय उरलंय. आत्या आता पोरांची जुनी पाटी घेऊन बसते. त्याच पाटीवर खडूनं लिहून मला रोज शिव्या देते, त्यावरून तब्येत ठीक आहे. परवा मी तिला विचारलं, "शेवटी गायलीस ती हीच का गं चार पानं?" तिनं लिहिलं: 'ती त्या गुरुवारची होती. मला आठवत नाहीत.'

मलाही आठवत नाहीत. मी न बघता लिहिली. काकांनी वेळ लावली नाही. बायको म्हणते, तिला फक्त बोटांखालची तार आठवते. ती चार पानं वाचलेला जगात एकच माणूस आहे, साहेब, आणि तो तुम्ही आहात.

आता ती राहिलेली गोष्ट. त्या शनिवारी फटीतून मी पाहिलं, तेव्हा पानं तुमच्या एका हातात होती. दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर होतं. आणि तुमचं तोंड उघडं होतं. आवाज येत नव्हता. तुम्ही पुन्हा ओळीच्या सुरुवातीला गेलात आणि पुन्हा तोंड उघडलंत.

हे मी आत्याला सांगितलं. वाटलं, चिडेल. तिनं पाटी पुसली. मग तीन शब्द लिहिले. मी ते जसेच्या तसे खाली देतो. हा प्रश्न तिचा आहे, तुमच्या नोटिशीपेक्षा जुन्या अधिकाराचा आहे, आणि याचं उत्तर तुम्हाला द्यावंच लागेल. लेखी नको. मी तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर बसलोय, फट आहे तशीच आहे, इथे स्वच्छ ऐकू येतं.

'साहेबांना जमलं का?'